पडला की पाडला?

मराठीतल्या काही क्रियापदांच्या जोड्यांचं मला पहिल्यापासून फार कौतुक. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, गळणे-गाळणे. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यात या जोड्या फळ्यावर किती वेळा लिहिल्या असतील देव जाणे. 'पडला' अकर्मक, 'पाडला' सकर्मक. परीक्षेला एवढं पुरतं. पण व्याकरण बाजूला ठेवलं तर या दोन शब्दांत केवढं अंतर आहे बघा. पडला म्हटलं की गोष्ट तिथेच संपते. पाडला म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कोणी? एका कान्याने एक माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

हा काना आपण कधी देतो आणि कशाच्या जोरावर देतो, हा विषय गेले काही दिवस डोक्यात घोळतोय. निमित्त माझ्या भाचीचं. ती मानसशास्त्र शिकवते. दिवाळीत चार दिवस राहायला आली होती, तेव्हा फराळ करता करता तिने लॅपटॉपवर मला एक गंमत दाखवली. पडद्यावर डावीकडे एक काळा चौकोन, मध्यभागी एक लाल चौकोन. काळा सरकत सरकत लालपाशी आला, त्याला टेकला आणि थांबला. त्याच क्षणी लाल निघाला आणि उजवीकडे थोडा जाऊन थांबला. संपलं.

"मावशी, काय दिसलं?"

मी म्हटलं, "काळ्याने लालला ढकललं."

ती हसली. "पडद्यावर कोण कोणाला ढकलणार? ते नुसते रंगाचे ठिपके आहेत. एक थांबला, दुसरा निघाला, एवढंच झालंय."

बरोबर होतं तिचं. तिने मला दहा वेळा दाखवलं. दहाही वेळा मला माहीत होतं की कोणी कोणाला ढकलत नाहीये, आणि दहाही वेळा काळ्याने लालला ढकललेलंच दिसलं! मग तिने एक बारीकसा बदल केला. काळा येऊन टेकला, पण लाल लगेच निघाला नाही. पापणी लवावी इतका वेळ गेला आणि मग निघाला. आता ढकलणं पार नाहीसं झालं. काळा आपला येऊन थांबला आणि लाल आपल्या मर्जीने निघून गेला, जणू काही 'हा आला का, मग मी उठतो' म्हणून! मधल्या एवढ्याशा वेळाने 'पाडला'चा 'पडला' झाला.

हा प्रयोग बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठातल्या आल्बेर मिशॉत (1881-1965) नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा. त्याने यावर सगळं पुस्तकच लिहिलं, ते फ्रेंचमध्ये 1946 साली आलं आणि त्याचा इंग्रजी अनुवाद 1963 साली. तेव्हा संगणक कुठले असायला! त्याने जी युक्ती केली ती ऐकून माझ्यातल्या शिक्षिकेला अगदी भरून आलं. एक गोल तबकडी घ्यायची, तिच्यावर काळ्या आणि लाल रंगाच्या जाड वाटोळ्या रेघा काढायच्या, समोर एक पडदा धरून त्याला अरुंद आडवी फट ठेवायची आणि मागे तबकडी फिरवायची. फटीतून रेघेचा फक्त एक छोटा तुकडा दिसतो, चौकोनासारखा. रेघ केंद्रापासून सारख्याच अंतरावर असेल तेवढा वेळ चौकोन जागेवर उभा दिसतो. रेघ आत किंवा बाहेर वळली की चौकोन चालायला लागतो. म्हणजे मागे फिरतेय एकच तबकडी, संथपणे, न थांबता. कोणी कोणाला शिवतसुद्धा नाही. आणि पुढे बसलेल्या माणसाला एक ठोकणारा आणि एक ठोकर खाणारा दिसतो!

रेघा थोड्या इकडेतिकडे केल्या की मधला वेळ, वेग, अंतर हवं तसं बदलता येतं. मिशॉतने असे ढीगभर प्रयोग केले. दोन हालचालींमध्ये सेकंदाच्या विसाव्या भागाइतकं अंतर असलं तरी ढकलणं दिसतं. ते वाढवत सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत नेलं की दोघांचा संबंध तुटतो. काळा न थांबता लालला घेऊन पुढे गेला, तर तो त्याला 'नेतोय' असं दिसतं. टेकल्यावर लाल काळ्यापेक्षा फारच जोरात सुटला, तर काळ्याने त्याला ढकललं असं न वाटता नुसतं डिवचलं, आणि तो स्वतःच्या जोरावर पळाला असं दिसतं. नेणं, ढकलणं, डिवचणं... नुसत्या ठिपक्यांना आपण किती क्रियापदं बहाल करतो!

आता यात नवल ते काय, असं कोणी म्हणेल. लहानपणापासून आपण हजारदा बघतो की ठोकर बसली की वस्तू हलते, त्यामुळे तशी सवय लागते. असंच एका मोठ्या माणसाने म्हटलेलं आहे. डेव्हिड ह्यूम, स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ. त्याने 1748 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बिलियर्डच्या चेंडूंचं उदाहरण दिलंय. एक चेंडू येतो, दुसऱ्याला लागतो, दुसरा चालू लागतो. तुम्ही नीट बघा, त्याचं म्हणणं असं की तुम्हाला फक्त आधी हे आणि मग ते एवढंच दिसतं. 'यामुळे' हा शब्द त्या टेबलावर कुठेच नसतो. तो आपण सवयीने मनातून घालतो.

बिलियर्ड आपल्यापैकी कितीजणांनी पाहिलंय? पण गोट्या सगळ्यांनी पाहिल्यात. माझे भाऊ अंगणात खेळायचे. नेम अगदी मधोमध बसला की मारलेली गोटी जवळजवळ जागच्या जागी थबकायची आणि समोरची सटकन सुटायची. मिशॉतच्या काळ्या-लाल चौकोनाचं चित्रच ते. मिशॉतचं ह्यूमला उत्तर असं की 'यामुळे' हे आपण मागाहून विचार करून ठरवत नाही, ते रंगासारखं, आकारासारखं थेट डोळ्यांना दिसतं. सवयच असती तर मी दहा वेळा खरी गोष्ट समजून घेतल्यावर दिसायचं थांबलं असतं. मिशॉतने तर एकदा एक खरा लाकडी गोळा आणि एक नुसता प्रकाशाचा ठिपका घेतला. लाकडाचा गोळा प्रकाशाला कसा ढकलेल? बघणाऱ्यांना हे कळत होतं, तरी दिसायचं ते ढकलणंच.

अर्थात मिशॉतचं सगळंच पुढच्यांनी मान्य केलं असं नाही. पहिल्यांदा बघताना सगळ्यांनाच ते दिसत नाही, बघणाऱ्याला काय सांगून बसवलंय यानेही फरक पडतो, असं नंतरच्या लोकांना आढळलं. सवय किती आणि उपजत किती हा वाद अजून चालूच आहे. पण 1987 साली लेस्ली आणि कीबल या दोघांनी जेमतेम सहा महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला, तो मला फार आवडला. बाळांना हीच फिल्म कंटाळा येईपर्यंत दाखवायची, आणि मग उलटी फिरवून दाखवायची. उलटी केली की ढकलणारा ढकलला जातो, म्हणजे भूमिकांची अदलाबदल. बाळं पुन्हा टक लावून बघायला लागली. पण मध्ये थोडा वेळ जाणारी, म्हणजे 'ढकलणं' नसलेली फिल्म उलटी दाखवली, तेव्हा तेवढं कुतूहल दिसलं नाही. ज्याला अजून 'आई' म्हणता येत नाही, त्याला कर्ता आणि कर्म यांतला फरक थोडाबहुत कळत असावा! आम्ही उगाच पाचवीपर्यंत थांबतो.

यातली आणखी एक गोष्ट मात्र विज्ञान शिकवणाऱ्यांच्या कामाची आहे. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला जेवढ्या जोराने ढकलतो, तेवढ्याच जोराने सोंगटी स्ट्रायकरला ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. सगळ्यांना पाठ असतो. पण सोंगटीने स्ट्रायकरला ढकललेलं तुम्हाला कधी दिसलंय? नाही दिसत. डोळ्यांना एकच कर्ता दिसतो, जो आधी हलत होता तो. जो स्वस्थ बसला होता तो बिचारा कर्म. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणायचे की हा नियम पोरं घोकतात, पण मनातून मानत नाहीत. आता मला वाटतं, पोरांचा काय दोष? त्यांचे डोळेच मानत नाहीत.

आणि हे ठिपक्यांपुरतं थांबत नाही. 1944 साली अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी एक छोटीशी फिल्म तयार केली. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि एक चौकट, जिची एक बाजू दारासारखी उघडते. बाकी काही नाही. चौतीस विद्यार्थिनींना ती दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं. एकीने तेवढं भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकी सगळ्यांना त्यात जिवंत पात्रं दिसली! मोठा त्रिकोण दांडगट, तो भांडतो, पाठलाग करतो, वर्तुळ घाबरतं, ते आणि छोटा त्रिकोण शिताफीने निसटतात, मग मोठा चिडून घर मोडून टाकतो. मीही पाहिली. शेवटी शेवटी मला त्या मोठ्या त्रिकोणाचा मनापासून राग आला, हे सांगायला लाज कसली!

इथवर गंमत होती. पण भाची झोपायला गेल्यावर मला झोप येईना, कारण मला 1986 सालचा पावसाळा आठवला.

तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी शिकवत होते. सातवीचा वर्ग माझ्याकडे. शाळेला दगडी जिना, पावसात कायम ओला. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुलं वर्गांकडे पळायला लागली. मी वर्गात वह्या तपासत होते. आरडाओरडा ऐकून बाहेर आले तर एक मुलगा जिन्याच्या तळाशी पडलेला, हाताचं हाड मोडलेलं. आणि वरच्या पायरीवर दुसरा मुलगा, हात पुढे केलेला, तसाच थिजून उभा.

त्याने ढकललं, असं सगळे म्हणाले. दोनचार नाही, अकरा मुलं. "बाई, आम्ही डोळ्यांनी पाहिलं." मी एकेकाला वेगळं बोलावून विचारलं. एकजण पळत आला, त्याच्यापाशी पोचला, थांबला आणि पुढचा खाली गेला. यापलीकडे कोणाला काही सांगता येईना. ढकललं कुठे, पाठीवर की खांद्यावर, एका हाताने की दोन्ही हातांनी, याचं उत्तर अकरा जणांनी अकरा दिलं. पण 'ढकललं' या शब्दावर सगळ्यांचं एकमत. त्यांतलं एकही पोर खोटं बोलत नव्हतं, हे मी तेव्हाही सांगत होते आणि आजही सांगते.

पडलेल्या मुलाचा सदरा मात्र मी पाहिला होता. मागून कॉलरपाशी उसवलेला. ढकलल्याने सदरा मागून उसवत नाही, ओढल्याने उसवतो. मी हे वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, अकरा मुलांनी पाहिलंय. तुम्ही सदऱ्याचं काय घेऊन बसलात?" मुलाला घरी बसवलं. आठवड्याने पडलेला मुलगा प्लास्टर घालून आला आणि त्याने स्वतःच सांगितलं की माझा पाय घसरला होता, हा मला धरायला धावला, कॉलर हातात आली पण सुटली.

म्हणजे धावणं आधीचं नव्हतंच. पडणं आधीचं होतं, आणि धावणं त्यामुळे झालं होतं. कर्ता आणि कर्म नुसते चुकले नव्हते, त्यांची पार अदलाबदल झाली होती.

मी त्या मुलाच्या घरी गेले. वडील रोजंदारीवर जाणारे. त्यांनी तोवर त्याला वीटभट्टीवर कामाला लावलं होतं. मी सगळं समजावून सांगितलं, तर ते खाली बघत म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता ते खरं असंल. पण एवढ्या पोरांनी बघितलंय." त्यांच्या स्वतःच्या मुलाबद्दल! मी पुन्हापुन्हा जात राहिले. पुढच्या जूनमध्ये तो परत आला, एक वर्ष मागे पडून. पण पोरांनी त्याचं नाव 'ढकल्या' ठेवलं होतं, ते दहावीपर्यंत सुटलं नाही. खरं काय ते सगळ्यांना माहीत होतं. ज्याचा हात मोडला होता, ज्याने स्वतः खरं सांगितलं, तोसुद्धा पुढे त्याला ढकल्याच म्हणायचा, प्रेमाने. तेव्हा मला याचं फार आश्चर्य वाटायचं. आता काळा-लाल चौकोन दहा वेळा पाहिल्यावर वाटत नाही. जे कळलं त्याने जे दिसलं ते पुसलं जात नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक असावं असं वाटतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, असं आपण सहज म्हणून जातो. संस्कृतात याचाच भाऊबंद काकतालीय न्याय, तिथे कावळा ताडावर येतो आणि फळ पडतं. मिशॉतला दाखवायला हवं होतं हे! कावळा येतो, टेकतो, थांबतो, आणि त्याच क्षणी फांदी खाली जाते. डोळे शंभर टक्के म्हणणार की कावळ्याने मोडली. म्हण सांगते, थांब, ती मोडणारच होती. डोळ्यांवर लगाम घालायला कोणीतरी ही म्हण रचली असणार. न्यायशास्त्रात तर यावर फारच बारकाईने विचार आहे. एखादी गोष्ट आधी घडली एवढ्याने ती कारण ठरत नाही. मडकं घडायच्या आधी कुंभाराचं गाढव माती घेऊन आलं, कुंभाराचा बाप जन्मला, पण त्यांना मडक्याचं कारण म्हणत नाहीत. याला त्यांनी 'अन्यथासिद्ध' असा शब्द ठेवलाय. आपण रोज गाढवांना कारण ठरवत असतो, आणि कारणांना गाढव!

घरात बघा. लोडशेडिंगच्या दिवसांत मी एकदा मिक्सरचं बटण दाबायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. सगळ्या आळीत अंधार, पण घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. सून घरात आली आणि सासऱ्यांचं दुखणं सुरू झालं. बदली झाली आणि आई गेली. इथे गोटी गोटीला लागत नाही, मध्ये दिवस जातात, तरी मन दोन टोकं जुळवून मोकळं होतं. 'पायगुण' हा शब्द काय आहे? माणूस येऊन टेकला आणि पलीकडचं हललं. अशा पायगुणापायी किती बायकांचे जन्म वाया गेले ते माझ्या पिढीने पाहिलंय.

आजकाल सगळ्यांच्या हातात फोन. कुठेही काही झालं की दहा सेकंदांची चित्रफीत फिरायला लागते, आणि आपण म्हणतो, आता काय पुरावा हवा, डोळ्यांनी पाहिलं! पण त्या दहा सेकंदांच्या आधीची दहा सेकंदं त्यात नसतात. संथ गतीने दाखवलं तर अधिक स्पष्ट कळेल असंही आपल्याला वाटतं. तर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की तीच घटना संथ करून दाखवली की लोकांना ती जास्त मुद्दाम केल्यासारखी वाटते. त्या माणसाला विचार करायला जणू भरपूर वेळ होता असं वाटतं. प्रत्यक्षात त्याला क्षणभरच मिळालेला असतो.

मग करायचं काय? डोळे तर बदलता येत नाहीत, आणि बदलूही नयेत. रस्ता ओलांडताना विचार करत बसलो तर मेलोच. हे झटकन 'यामुळे' दिसणं आपल्याला जगवतं. पण डोळ्यांनी पाहिलं ते तोंडाने उच्चारायच्या आधी थोडी फट ठेवता येते, असं मला वाटतं. सेकंदाच्या पाचव्या भागाने ठिपक्यांचं भांडण मिटतं, माणसांसाठी एखादा दिवस लागेल इतकंच.

आणि यासाठी मराठीने आपल्याला एक फार चांगली सोय करून ठेवलेली आहे, तिच्याकडे आपलं लक्ष नसतं. 'कप फुटला' म्हणजे कोणीच नाही. 'त्याने कप फोडला' म्हणजे तोच. पण या दोन्हींच्या मध्ये आपण म्हणतो, 'त्याच्या हातून कप फुटला.' हात त्याचा होता, पण मन तिथे नव्हतं. तसंच धक्का देणं वेगळं आणि धक्का लागणं वेगळं. वर्गात भांडण घेऊन येणाऱ्या मुलांना मी पुढे निवृत्त होईपर्यंत एकच गोष्ट करायला लावायचे. तक्रार तीनदा सांगायची, एकदा 'फुटला' म्हणून, एकदा 'हातून फुटला' म्हणून, एकदा 'फोडला' म्हणून, आणि मग यातलं कुठलं खरं ते स्वतःच ठरवायचं. निम्मी भांडणं दुसऱ्या वाक्यावर मिटायची. उरलेल्या निम्म्यांत खरोखरच फोडलेला असायचा, तेही कळायला नको का!

असो. बरंच लांबलं. पडणे-पाडणेसारख्या आणखी जोड्या तुम्हाला आठवत असतील तर जरूर कळवा, माझी यादी सध्या सतरावर अडकली आहे.